अभयदान, अभयारण्य आणि आपण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून गेल्या ५० वर्षांत अनेक विद्वानांची प्रवचने आपण ऐकली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि सारे आयुष्य कापडाच्या ताग्यांत गेलेले. शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु अध्यक्ष महोदयांनी ‘जीवदया आणि आजचा काळ’ या व्यापक विषयातील कोणतीही एक बाजू घेऊन बोलावे अशी मुभा दिली, तेव्हा ज्या बाजूवर आपल्या व्यासपीठावर फारसे बोलले जात नाही तीच घ्यावी असे मी ठरविले. ती बाजू म्हणजे आपल्या शहराला लागून असलेल्या वनातील मुके जीव, त्यांच्या रक्षणासाठी झालेला कायदा, आणि तो कायदा अंमलात आणणाऱ्या पोलिसांना व वनरक्षकांना आपण नागरिक म्हणून करीत असलेले, अथवा न करीत असलेले सहकार्य.

आपल्या ठाण्याचे भाग्य असे की एका अंगास येऊरचे डोंगर आहेत आणि दुसऱ्या अंगास खाडी. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. मुंबई उपनगर व ठाणे यांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे वन उभे आहे. विहार आणि तुळशी हे तलाव त्याच्याच कुशीत आहेत, दहिसर, पोयसर व मिठी या नद्या तेथेच उगम पावतात. एवढ्या दाट लोकवस्तीच्या मध्यभागी सुमारे पन्नास बिबटे मोकळेपणी नांदत आहेत असे दुसरे महानगर जगात शोधून सापडणे कठीण. खाडीकडील बाजूस २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. कायद्याच्या भाषेत राष्ट्रीय उद्यान वेगळे आणि अभयारण्य वेगळे. परंतु लोकांच्या तोंडी दोन्हींस अभयारण्य हाच शब्द आहे आणि आपल्या दृष्टीने तो अधिक अर्थपूर्ण आहे. सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सरकारने जमिनीचा एक तुकडा आखून तेथील जीवांना दिलेले अभयदान म्हणजे अभयारण्य. आता हे दान सरकारने दिले खरे, पण ते पाळावयाचे आहे आजूबाजूच्या लोकांनी.

थोडे इतिहासाकडे वळतो. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम निघाला. प्रत्येक कुत्र्यामागे इनाम असल्यामुळे पोलीस शिपाई घरांच्या आवारात शिरूनही कुत्री मारू लागले. पारशी बांधव संतापले, त्यांना हिंदू व जैन व्यापारी येऊन मिळाले, बाजार बंद पडला, दंगल झाली आणि लष्कर बोलवावे लागले. दंगल शमली. परंतु त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. पुढे व्यापारावर लागा बसवून पांजरपोळी चालविण्याची रीत आपल्या व्यापारी पूर्वजांनी ठिकठिकाणी पाळली. मला या घटनेतील दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. दगड मारणारे त्या दिवशी पुष्कळ होते. चारा-पाण्याचा खर्च पिढ्यान् पिढ्या उचलणारी संस्था मात्र हिशेब ठेवणाऱ्या माणसांनी उभी केली.

त्या काळी पोलीस आणि जीवदया हे एकमेकांसमोर उभे होते. आज चित्र उलटे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोलिसांना जीवदयेच्या बाजूस आणून उभे केले. उपनिरीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासही या कायद्याखाली झडती घेण्याचा व जप्तीचा अधिकार आहे. शिकार या शब्दाची व्याख्या तर एवढी विस्तृत आहे की आपल्या व्रतातील अतिचारांची आठवण व्हावी. केवळ मारणे नव्हे, तर पकडणे, फासा लावणे, विष घालणे, जखमी करणे, पक्ष्याचे घरटे वा अंडी विस्कटणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे शिकारीतच मोडते. २०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस आज किमान ३ व कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. शिवाय अभयारण्यात राहणाऱ्या प्रत्येकावर या कायद्याने कर्तव्ये घातली आहेत : गुन्हा घडत असेल तर तो थांबविणे, वणवा विझविणे, वन्य प्राणी मेलेला आढळल्यास कळविणे, आणि वनाधिकारी वा पोलीस अधिकारी गुन्हा रोखण्यासाठी मदत मागतील तेव्हा ती देणे. आपण वनाच्या हद्दीबाहेर राहतो म्हणून हे कलम आपल्याला लागू नाही, असा युक्तिवाद वकील करू शकेल. श्रावकाने तो करावा का, हा प्रश्न मी आपल्यावर सोपवितो.

पोलिसांचा आणि वन्य प्राण्यांचा संबंध काय, असे काही जण विचारतात. त्यांच्यासाठी पुण्यातील दोन घटना सांगतो. ९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी कोथरूडमधील महात्मा सोसायटी परिसरात एक गवा शिरला. गवा म्हणजे रानातला अत्यंत लाजाळू, गवत खाणारा प्राणी. तो वाट चुकला होता, एवढाच त्याचा अपराध. पाहता पाहता शेकडो माणसे जमली. कोणी मोबाइलवर चित्रीकरण करीत पाठीमागे धावत होते, कोणी गच्चीवरून ओरडत होते. तो जीव तासन् तास गल्ल्यांतून पळत राहिला, भिंतींवर आदळून रक्तबंबाळ झाला. अखेर त्यास बेशुद्ध करून पकडण्यात आले, पण तो वाचला नाही. त्याला कोणी शस्त्र मारले नव्हते. गर्दीने त्याचा जीव घेतला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २२ डिसेंबर रोजी, पाषाण-बावधन भागात दुसरा गवा दिसला. या वेळी पोलिसांनी व वन विभागाने लोकांना दूर ठेवण्यावर भर दिला, आणि तो गवा जंगलाकडे परत गेला. शहर तेच, प्राणी तोच, वनखातेही तेच. फरक पडला तो माणसांच्या अंतरामुळे. हे अंतर राखण्याचे काम वनरक्षकाचे नाही, कारण त्यांची संख्या मुळात थोडी, आणि त्यांचे सारे लक्ष प्राण्याकडे हवे. ते काम पोलिसांचे, आणि पोलिसांचे ते काम सोपे करणे वा अवघड करणे आपल्या हाती.

आपल्या ठाण्यातही २० फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे समतानगर परिसरातील एका मॉलच्या आवारात बिबट्या शिरला होता, हे आपणांस आठवत असेल. तो सुखरूप पकडला गेला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरीतील एका बालवाडीच्या इमारतीत बिबट्या शिरला; सुदैवाने तो रविवार होता. अशा प्रसंगी गर्दी जमू नये म्हणून मनाई आदेश काढता येतो. पूर्वीचे कलम १४४ ते आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ झाले आहे. परंतु आदेशाचा कागद निघेपर्यंत अर्धे शहर गोळा झालेले असते. म्हणून सोसायटीच्या सचिवाने फाटक लावून घेऊन माणसांना घरात थांबविणे, हेच त्या घटकेचे सर्वांत मोठे सहकार्य.

बिबट्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. २००४ साली राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने बिबट्यांचे हल्ले शिगेला पोहोचले आणि अनेक गोरगरिबांचे, त्यांत लहान मुलांचेही, प्राण गेले. त्या दुःखाची थट्टा कोणी करू नये. त्या सुमारास बिबट्या दिसला की पिंजरा लावा आणि दूर नेऊन सोडा अशी मागणी होत असे व तसे केलेही जात असे. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून असे पुढे आले की अनोळखी मुलखात नेऊन सोडलेल्या बिबट्यांमुळे उलट संघर्ष वाढतो. २०११ साली राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाने नागरिक व संशोधक यांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एस.जी.एन.पी.’ हा उपक्रम सुरू केला. त्यात वस्त्यांतील लोकांशी बोलणे झाले, पत्रकारांशी बोलणे झाले, आणि गर्दी कशी हाताळावी यासाठी पोलिसांशीही. त्यानंतरही दुःखद घटना घडल्या. आरे परिसरात २०२१ साली हल्ल्यांची मालिकाच झाली. तरीही २००४ सारखे वर्ष पुन्हा आले नाही.

या अभ्यासांतून कळलेली बाब आपल्या दारापर्यंत येते. वनाच्या कडेस राहणाऱ्या बिबट्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. कुत्री येतात कचऱ्यापाशी. कचरा येतो आपल्या हॉलमधून, लग्नाच्या पंगतींतून आणि केटररच्या टेम्पोमधून. उष्टे टाकू नये हा आपल्या घरातला पहिला संस्कार. पण बुफे आला आणि तो संस्कार ताटाबरोबरच बाहेर गेला, असे माझ्यासारख्या म्हाताऱ्याला वाटते. रात्री उरलेले अन्न येऊरच्या रस्त्यालगत ओतून येणाऱ्यास पुण्य लागत नाही. तो कुत्र्यांना, आणि कुत्र्यांमागून बिबट्याला, झोपड्यांतील मुलांच्या दारापर्यंत वाट दाखवितो. माकडांना बिस्किटे व वेफर्स घालणाऱ्यांनाही माझी हीच विनंती आहे. रानातला जीव रानातला राहू देणे हेही अभयदानच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो. काही जणांना ती रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

पर्युषणात व अन्य पुण्यतिथींना पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा आपल्यांतील काही कुटुंबांत आहे. हेतू निःसंशय निर्मळ. पण व्यापारी म्हणून या व्यवहाराकडे पाहा. ज्या मालास गिऱ्हाईक ठरलेले, तो माल बाजारात येणारच. पारध्याला कळते की अमुक तिथीस पोपट आणि मुनिया यांना उठाव आहे. तो आठवडाभर आधी जाळे लावतो. खोक्यांत कोंबलेले कित्येक पक्षी बाजारात पोहोचण्यापूर्वीच मरतात. जे पोहोचतात त्यांचे पंख कापलेले किंवा चिकटवलेले असतात, आणि आपण सोडलेला पक्षी संध्याकाळपर्यंत घारीच्या वा पुन्हा त्याच पारध्याच्या हाती लागतो. कृत, कारित आणि अनुमोदित असे हिंसेचे तीन प्रकार आपल्या पाठशाळेतील मुलेही म्हणून दाखवितात. पैसे मोजून आपण कशात मोडतो, हे त्यांनाच विचारावे. शिवाय देशी रानपक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. असा पक्षी विकणे हा जसा गुन्हा, तसा विकत घेणे हाही गुन्हाच. सोडण्यासाठी घेतला, हा बचाव कायद्यात नाही.

दुसरी गोष्ट गादीखालची. आपल्या बाजारात दिवाळीच्या वहीपूजनाला काही दुकानदार ‘हाथाजोडी’ ठेवतात. दुर्मिळ वनस्पतीची मुळी आहे, लक्ष्मी टिकते, असे सांगून ती विकली जाते. प्रत्यक्षात ती मुळी नव्हे. घोरपडीच्या नराला मारून त्याचे वाळविलेले जननेंद्रिय आहे. हे ऐकून समोरच्या रांगेत काही चेहरे उतरले, ते मला दिसले. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने ती बिबट्याच्या बरोबरीची. जो समाज सूर्यास्तानंतर दिवा लावताना पतंगाचा विचार करतो, त्याच्या गल्ल्याखाली अशी वस्तू असावी यापरते दुर्दैव कोणते? मांडूळ सापाविषयीच्या खुळ्या समजुतींचेही तेच. कोणी विकावयास आला तर त्याच्याशी भाव करू नये, वाद घालू नये. तो पुढच्या दुकानात जाण्यापूर्वी १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर किंवा ११२ वर पोलिसांना कळवावे.

येथपर्यंत बहुतेक जण मान्य करतील. अडते ते याच्या पुढच्या पायरीवर. आपण फोन करतो, पोलीस येतात, माल सापडतो आणि अधिकारी म्हणतो, “शेठ, दोन पंच द्या.” त्या क्षणी अख्ख्या गल्लीतील शटरे अर्ध्यावर येतात. कोणाला बँकेत जावयाचे असते, कोणाच्या घरी पाहुणे आलेले असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर पोपटांच्या पिलांचे खोके पकडले गेले, तेव्हा मी पंच म्हणून उभा राहिलो. तीन तास गेले. एकेक पिलू मोजून लिहिले. काही मेलेली होती, तीही मोजली. त्यानंतर सुमारे चार वर्षांनी समन्स आले. बचाव पक्षाच्या वकिलांनी मला विचारले, “आपण कापडाचे व्यापारी. पक्ष्यांतले आपणांस काय कळते?” मी म्हणालो, “साहेब, पन्हा चौतीस की छत्तीस हे मी नजरेने सांगतो. खोक्यात किती जीव होते हे मोजण्यास त्याहून अधिक विद्या लागत नाही.” न्यायाधीश महाराज हसले. मात्र दुसरे पंच, जे माझ्या शेजारी तीन तास उभे होते, त्यांनी साक्षीत आपल्याला काही आठवत नाही असे सांगितले. आरोपी सुटला. ते गृहस्थ आपल्याच समाजाचे, दानशूर आणि तपस्वी. त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. परंतु त्या दिवशी त्यांच्या अठ्ठाईपेक्षा त्यांची साक्ष त्या जीवांना अधिक उपयोगी पडली असती, असे मला वाटले, आणि आजही वाटते.

पंच होण्याची भीती मोठी आहे, कायदा त्या मानाने सौम्य आहे. झडतीच्या पंचाने न्यायालयाने खास समन्स काढल्याखेरीज हजर राहण्याची आवश्यकता नाही. उलट लेखी बोलावणे आल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणे हाच अपराध आहे. नव्या संहितेत झडतीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे, त्यामुळे साक्षीदारावरचा भार पुष्कळ हलका होईल अशी आशा आहे. पोलिसांचीही बाजू निर्दोष नाही, हेही स्पष्टपणे सांगतो. तक्रार घेऊन गेले की ‘हे वनखात्याचे काम’ म्हणून वाटेला लावणारे अधिकारी मी पाहिले आहेत. अशा वेळी नम्रपणे, पण ठामपणे कायद्यातील त्यांच्या अधिकाराची आठवण द्यावी आणि नोंद झाल्याशिवाय उठू नये. उधारी वसूल करताना आपण याहून अधिक चिकाटी दाखवितो.

जखमी पक्षी घरी आणणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींसाठी एक सूचना. संक्रांतीच्या आसपास मांजाने कापलेल्या घारी, घुबडे, बगळे यांना वाचविण्याचे जे काम आपली मुले करतात त्याचा मला अभिमान आहे. परंतु वन्य पक्षी कायद्याने सरकारची मालमत्ता आहे, आणि तो ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास वा अधिकृत अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. प्रेमापोटी महिनाभर घरी ठेवू नये. आणि मांजाविषयी एक शब्द धाग्याच्या धंद्यातला माणूस म्हणून : सुती दोरा ताण पडला की तुटतो. नायलॉनचा तुटत नाही, आधी लांबतो आणि मग जे मध्ये येईल ते कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच त्यावर बंदी घातली. तरीही तो कोठे मिळतो हे शाळकरी मुलांना ठाऊक असते, म्हणजे आपल्यालाही ठाऊक असते.

येऊरला पहाटे फिरावयास जाणारे आपल्यापैकी पुष्कळ जण येथे बसले आहेत. रात्रीच्या पार्ट्या, ध्वनिक्षेपक, फुटलेल्या बाटल्या आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर टाकलेली विडीची थोटके हे सर्व आपण दररोज पाहतो आणि परतताना एकमेकांजवळ हळहळतो. ती हळहळ दिनांक, वेळ आणि जागा लिहून पोलीस ठाण्यात व वनपरिक्षेत्र कार्यालयात दिली, तर तिला अर्जाचे रूप येते आणि अर्जाला आवक क्रमांक मिळतो.

विश्वस्त मंडळापुढे मी एक प्रस्ताव लेखी ठेवला आहे. ट्रस्टच्या कार्यालयात एक वही ठेवावी. पंच म्हणून उभे राहण्यास तयार असलेल्या २५ श्रावक-श्राविकांची नावे, राहण्याचा भाग आणि दूरध्वनी क्रमांक तीत असावेत व तिची प्रत स्थानिक पोलीस ठाण्यास आणि येऊरच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांस द्यावी. न्यायालयात जाण्या-येण्याचा खर्च जीवदया खात्यातून करावा. त्या खात्यातील शिल्लक पाहता तो जड जाणार नाही, हे मी ताळेबंद वाचूनच सांगत आहे. वही आज सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेविली आहे. पहिले नाव माझे आहे, दुसरे माझ्या सूनबाईंचे. प्रसाद घेण्यासाठी जाताना ती वाटेतच लागेल.